गाडी ठेवायची आहे, असं मी पेंटरला सांगितलं

गाडी विकायच्या आधी मी ती पूर्ण रंगवून घेतली. गाडी माझी नव्हती, बायकोची होती. तिला विचारलं नव्हतं.

एवढं एकदा सांगून टाकलं की पुढचं सांगायला मी मोकळा. नाहीतर लोक मधेच थांबवून विचारतात, "अहो, पण वहिनींना विचारलं होतं ना?" नव्हतं विचारलं. सरकारी कचेरीत तीस-बत्तीस वर्षं लिपिक म्हणून काढलेल्या माणसाला वरच्याची परवानगी कधी घ्यायची असते आणि कधी मुद्दाम घ्यायची नसते, हे चांगलं कळतं.

बायको मौद्याच्या एका शाळेत गणित शिकवते. आमचं घर शहरात, नंदनवन नावाच्या वस्तीत. तिथून मौदा म्हणजे रोजची चांगलीच दौड, आणि बारा वर्षं ती दौड तिने त्या छोट्या चंदेरी गाडीतून केली. गाडी तिने स्वतःच्या पगारातून नवीन घेतली होती. मी डावीकडच्या सीटवर बसून सूचना द्यायचो. मलाही गाडी येते. म्हणजे दुसऱ्या गिअरपर्यंत येते.

मागच्या हिवाळ्यात तिचा डावा गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, चाला, फिरा, जिने थोडे जपून, पण क्लच दाबणं बंद. मग दोन महिने ती बसने गेली. बसची पायरी किती उंच असते ते गुडघा दुखणाऱ्यालाच माहीत. मौद्याला उतरल्यावर शाळेपर्यंत पुन्हा चालणं होतंच. एका संध्याकाळी ती आली आणि चपला न काढताच व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसून राहिली. मी चहा करून आणला. तिने कप हातात घेतला आणि म्हणाली, "चार वर्षं राहिली नोकरीची. नाही जमत आता. राजीनामा देते."

ही बाई 'नाही जमत' म्हणणारी नाही. दहावीच्या पोरांना भूमिती जमत नाही म्हटल्यावर रविवारी स्वतः जाऊन शिकवणारी आहे. 

यावर उपाय एकच होता, विनाक्लचची गाडी. सक्करदऱ्याला तलावाच्या बाजूने जो रस्ता जातो तिथे जुन्या गाड्यांचा एक दुकानदार आहे. जाडजूड, पांढरा शर्ट, कानात बाळी, बोलायला गोड. त्याच्याकडे एक पांढरी ऑटोमॅटिक उभी होती. आम्ही दोघं गेलो तेव्हा त्याने आमची चंदेरी बघितली. भोवती एक चक्कर मारली, दाराच्या कडेचं रबर थोडं ओढून आत डोकावला, बोनेट उघडून बंद केलं. म्हणाला, "मॅडम, हिचे अडीच लाख देतो. वरचे तुमी द्या अन् पांढरी घेऊन जा. सीट कव्हर, टेप अन् पुढचे दोन टायर नवे टाकून देतो. शाळा उघडेपर्यंत मी ते कोनाले देत नाही. जबान देल्ली."

अडीच लाख आणि तिची साठवलेली रक्कम मिळून हिशोब बरोबर बसत होता. इतका बरोबर की इकडे तिकडे सरकायला जागा नव्हती. आमच्याकडे विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, तेव्हा वेळही भरपूर होता. बायको पंधरा दिवसांसाठी वर्ध्याला बहिणीकडे गेली. तिथे गुडघ्याचे व्यायाम करून घेणारी एक चांगली बाई आहे म्हणे. जाताना मला म्हणाली, "गाडी धुवा अन् त्याला नेऊन द्या. बाकी काही करू नका."

'बाकी काही करू नका' हे तिने दोनदा सांगितलं. मला ते एकदाच ऐकू आलं असं मी पुढे म्हणत राहिलो, पण दोनदा सांगितलं होतं.

तर मी गाडी धुवायला घेतली. धूळ गेली आणि खालून गाडीची सगळी अंगकांती वर आली. मागच्या डाव्या दारावर सायकलींच्या हँडलांनी मारलेल्या रेघा होत्या. शाळेत सायकल स्टँडच्या शेजारीच गाडी लावावी लागते. बोनेटवर बारीक बारीक ओरखडे होते, कारण मौद्याला शाळेच्या आवाराला लागून एकाच्या बकऱ्या असतात आणि त्यांना थंडीत गरम बोनेट फार आवडायचं. पुढच्या बंपरवर एक काळा पट्टा होता, तो माझा. आमच्याच फाटकाला मी दुसऱ्या गिअरमध्ये भेटलो होतो. छपरावरचा रंग उन्हाने फिका पडून खडूसारखा झाला होता.

हे सगळं बघून मी ठरवलं, अशी गाडी अडीचला जाते तर नवीन रंगाची तीनला जाईल. वरच्या पैशात बायकोला गाडीसोबत आणखी काहीतरी घेऊन देता येईल. 'काहीतरी' म्हणजे काय हे मी ठरवलं नव्हतं, पण ते देतानाचा माझा चेहरा कसा असेल ते ठरवलं होतं.

यात माझ्या वडिलांचाही थोडा हात आहे. आमची शेती होती, आणि बैल विकायचा झाला की वडील बाजाराच्या आदल्या दिवशी त्याची शिंगं साळायचे, तेलाने चकचकीत करायचे, शेपटीचे केस विंचरायचे, गळ्यात नवीन गोंडा बांधायचे. बैल असा दिसायचा की आम्हालाच तो विकावासा वाटायचा नाही. तेच माझ्या डोक्यात बसलं होतं. बाजारात गेल्यावर समोरचा माणूस गोंड्याकडे ढुंकूनही न बघता सरळ बैलाचं तोंड उघडून दात मोजायचा, तेवढं मात्र त्या दिवशी मला आठवलं नाही.

घराच्या मागच्या गल्लीत एक पेंटर आहे. चाळिशीचा, किडकिडीत, बोटांच्या नखांत कायम तीन-चार रंग. त्याचं काम चांगलं असतं असं सगळे सांगत. मी दुसऱ्या गिअरमध्ये गाडी त्याच्याकडे नेली.

त्याने गाडीवरून हात फिरवला आणि विचारलं, "काकाजी, विकायची हाय का ठेवायची?"

इथे माझी हुशारी आडवी आली. मला वाटलं, विकायची म्हटलं की हा हात राखून काम करणार. दुसऱ्याच्या घरी जाणाऱ्या गाडीवर कोण जीव ओततो? म्हणून मी छाती पुढे काढून म्हणालो, "छे, विकायची कशाला? ठेवायची आहे. मॅडमची गाडी आहे. घरच्यासारखी करा."

"मंग ठीक हाय," तो म्हणाला. "करतो मस्त."

आणि त्याने खरंच मस्त केली. दहा दिवस घेतले. प्रत्येक पोचा पुट्टीने भरला, घासला, पुन्हा भरला, पुन्हा घासला. मी रोज संध्याकाळी बघायला जायचो आणि रोज काहीतरी नवीन सांगायचो. "इथे जरा आणखी भरा. ही रेघ दिसते." तो बिचारा "हो जी" म्हणून भरायचा. अठ्ठावीस हजार झाले. ते मी माझ्या पेन्शनमधून दिले, आणि देताना मला आपण उदार असल्यासारखं वाटलं.

गाडी बाहेर आली तेव्हा गल्लीतल्या लोकांनी विचारलं, नवीन घेतली का? मी नुसतं हसलो. त्या हसण्याचे पैसे मला परत मिळायला हवेत असं आजही वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सक्करदऱ्याला. दुकानदार बाहेरच खुर्ची टाकून बसला होता. त्याने गाडी बघितली आणि उठला नाही.

"हे कोनती गाडी आनली भाऊ?"

"तीच. मॅडमची."

मग तो उठला. अंगठा थुंकीने ओला करून बोनेटवर घासला. दाराचं रबर पूर्ण ओढून काढलं आणि आतल्या कडेला चंदेरी रंगावर चंदेरी रंगाचा जो बारीक पदर चढला होता तो नखाने खरवडून मला दाखवला. नंतर बोटाच्या पेराने दारावर टकटक केलं. उजव्या दाराचा आवाज पत्र्यासारखा आला. डाव्या दाराचा आवाज ओल्या भिंतीसारखा आला.

"कुठं ठोकली?"

"ठोकली नाही हो."

"मंग रंगवली काहून?"

"विकायला."

शेजारच्या टपरीवर चहा पिणारे दोघेजण हसले. दुकानदार हसला नाही, तेच मला जास्त लागलं.

"भाऊ," तो म्हणाला, "ठोकलेली गाडी घेऊन लोकं येते माह्याकडं. ते पन सांगते, थोडी लागली होती. तुमी म्हनता काहीच नाही झालं अन् दहा दिवसांत गाडी नवी. मी हे मानू, पन मी ज्याले विकीन तो कसा मानंन? त्याले वाटंन गाडी उलटली होती. खाली दबलं असंन काही. मले एक ऐंशीच्या वर नाही जमत."

"अहो, तुम्हीच आधी बघितली होती ना? तेव्हा तर..."

"तवा बघितली होती. ओरिजिनल पेंट होता. रेघा होत्या, पन रेघा खऱ्या होत्या. आता मधात काय झालं ते मले थोडी माहीत."

हे वाक्य मी स्वतः आयुष्यभर बोलत आलो होतो. कचेरीत माझ्या टेबलावर अर्ज यायचे. एखाद्याने चुकलेल्या आकड्यावर आडवी रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहून सही केली असेल तर मी तो अर्ज पुढे सरकवायचो. पण कागदावर कुठे पांढरी शाई दिसली की परत. "खाली काय होतं ते आम्हाला काय माहीत?" शेतकरी, विधवा बायका, म्हातारे, सगळ्यांना मी हे ऐकवलं होतं. आणि आता मी अख्खी गाडी पांढऱ्या शाईत बुडवून आणली होती.

हार मानायची नाही म्हणून मी गाडीची जाहिरात मोबाइलवर टाकली. एक निवृत्त गृहस्थ बघायला आले. स्वच्छ पायजमा-शर्ट, बोलणं फार नम्र. त्यांनी खिशातून रुमाल काढला, रुमालातून लोहचुंबक काढलं आणि गाडीभर लावत गेले. चिकटलं, चिकटलं, चिकटलं. डाव्या दारावर लावलं आणि सोडलं तर ते खाली पडून चाकाजवळ गेलं. त्यांनी ते वाकून उचललं, फुंकर मारून धूळ उडवली, परत रुमालात गुंडाळलं. "छान ठेवली आहे गाडी," असं म्हणून ते गेले. त्यांना चहा विचारायचंही मला सुचलं नाही.

बायको वर्ध्याहून आली ती दुपारी. ऑटोतून उतरली तर फाटकाशीच थांबली. मी पिशवी घ्यायला पुढे झालो.

"ही कोणाची?"

"आपलीच."

तिने बॅग खाली ठेवली. गाडीजवळ गेली आणि मागच्या डाव्या दारावर, जिथे सायकलींच्या रेघा होत्या तिथे, हात फिरवला. एकदा वरून खाली, एकदा खालून वर. मी तिला सगळं सांगितलं. म्हणजे आधी अर्धं सांगितलं, मग तिच्या चेहऱ्याकडे बघून उरलेलंही.

"विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं," ती म्हणाली. "म्हणून नाही विचारलं ना?"

"हो."

"किती देऊन राहिला आता तो?"

"एक ऐंशी."

ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती आत गेली, पाणी प्यायली, पंख्याखाली बसून गुडघ्याला पट्टा बांधला. मग म्हणाली, "दहा दिवसांत शाळा उघडते. मी मुख्याध्यापकांना कळवून टाकते. त्यांना दुसरं कोणी बघायला वेळ तरी मिळेल."

"अवं, थांब ना दोन दिवस."

"दोन दिवसांत काय करणार आहात? घर रंगवणार?"

मी चपला घातल्या आणि मागच्या गल्लीत गेलो. काय करायचं ते ठरलं नव्हतं, पण घरात बसवत नव्हतं. पेंटर एका रिक्षाचा मडगार्ड घासत होता. मला बघून उठला. "काय झालं काकाजी? कुठं पापुद्रा निघाला काय?"

"नाही. तुमचं काम चांगलं आहे. मी खोटं बोललो होतो. गाडी विकायचीच होती."

त्याने पॉलिश पेपर खाली ठेवला. "मंग तवा काहून नाही सांगतलं?"

"मला वाटलं, विकायची म्हटलं की तुम्ही वरवर कराल."

असं बोलताना आपण किती हलकं बोललो ते बोलल्यावर कळतं. तो चिडला असता तर त्याचं चुकलं नसतं.

"काकाजी, मी सगळ्यायले पहिले तेच विचारतो. विकायची म्हनलं की मी हातच नाही लावत. पॉलिश मारून देतो, अर्ध्या दिवसाचं काम, हजार-पंधराशे. रंगवली की भाव पडते, हे आमच्या धंद्यात सगळ्यायले माहीत हाय. तुमी म्हनलं मॅडमची हाय, ठेवायची हाय, म्हनून मी दोन-दोनदा घासलं. माह्या बायकोले सांगत होतो, कोनीतरी बायकोच्या गाडीसाठी एवढं करते म्हनून."

मी त्याला गुडघ्याचं सांगितलं, पांढऱ्या गाडीचं सांगितलं, राजीनाम्याचं सांगितलं. त्याने हात पुसले आणि खिशातून मोबाइल काढला.

"हे पाहा. गाडी आली की मी पहिले फोटो काढतो. नाही तं लोकं मागून म्हनते, हा डाग तुमच्याकडंच लागला."

त्यात आमची गाडी होती. बकऱ्यांच्या खुरांसकट, सायकलींच्या रेघांसकट, माझ्या फाटकासकट. पुट्टी भरायच्या आधी त्याने रंग खरवडला होता तेव्हाचेही फोटो होते. खाली साधा सरळ पत्रा, कुठे वळ नाही, जोड नाही. त्या काळ्या पट्ट्याचा फोटो बघून मला जितका आनंद झाला तितका तो पट्टा करताना झाला नव्हता.

"हे पाठवता का मला?"

"पाठवून काय होते? कोन्या गाडीचे फोटो हाय ते कोन सांगन? मी येतो ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं सक्करदऱ्याला गेलो. मी गाडी चालवत होतो, बायको डाव्या सीटवर होती आणि एकही सूचना देत नव्हती. पेंटर त्याच्या मोपेडवर मागून. दुकानदाराने एकेक फोटो मोठा करून बघितला. नंबर प्लेटचा फोटो बघितला, मग गाडीची प्लेट बघितली. पेंटरला चार प्रश्न विचारले, ज्यातले दोन मला कळले नाहीत. पेंटर मान खाली घालून उत्तरं देत होता. "चेसिसले हात नाही लावला जी. नुसती पुट्टी. जास्त भरली, कारन काकाजी रोज येऊन भरा म्हनत होते."

"रोज?" बायकोने विचारलं.

"रोज," पेंटर म्हणाला.

दुकानदाराने मोबाइल परत केला. "मॅडम, मले पटलं. गाडी साफ हाय. पन माह्यापासून जो घेईन त्याले हे फोटो दाखवत बसावं लागन मले, अन् तो तरी घासाघीस करनच. दोन तीस देतो. अडीच नाही होत आता. पुसलेलं हाय ते पुसलेलंच."

वीस हजार कमी पडत होते. मी तोंड उघडलं, बायकोने माझ्याकडे नुसतं बघितलं, मी बंद केलं.

ती पांढऱ्या गाडीजवळ गेली. दार उघडून आत बसली, डावा पाय मोकळा सोडला, तो कुठेच ठेवायचा नव्हता. मग खिडकीतून म्हणाली, "तुम्ही हिला नवीन सीट कव्हर घालून देणार होता ना? अन् नवीन टेप, अन् पुढचे दोन टायर?"

"हो जी. बोललो होतो."

"काही घालू नका. जशी आहे तशी द्या. टायर अजून वर्षभर चालतात, मी बघितले. मग पांढरीच्या किमतीतून वीस कमी होतात की नाही?"

दुकानदार मनातल्या मनात काहीतरी जुळवत राहिला. पेंटरने हळूच मला कोपर मारलं. "होते," तो पुटपुटला. "टायरच दहाचे हाय."

"होते मॅडम," दुकानदार शेवटी म्हणाला. "तुमी गनित शिकवता काय?"

"हो."

कागद झाले. पेंटरला मी पैसे द्यायला गेलो तर त्याने घेतले नाहीत. म्हणाला, दुकान बंद ठेवून आलो ते मॅडमसाठी. बायकोने त्याच्या पोरांची नावं, शाळा, इयत्ता सगळं विचारून घेतलं आणि मोठ्या पोराला रविवारी घरी पाठवा म्हणाली. मी बाजूला उभा होतो. आमची चंदेरी गाडी उन्हात इतकी चकाकत होती की तिच्याकडे बघवत नव्हतं.

दुकानदाराने पांढरीच्या चाव्या बायकोच्या हातात दिल्या. मग माझ्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं, गाडी बघतात तसं, आणि तिला म्हणाला, "मॅडम, पुढच्या टायमाले गाडी विकायची असंन तं नुसती गाडी आनजा. या भाऊले घरीच ठेवजा."